वऱ्हाड कशानं न्यायचं?

मामेबहिणीचं लग्न वैशाखात धरलं आणि मामांनी मला सोनपेठला बोलावून घेतलं. कार्यालय परभणीत, मुलाकडच्यांच्या सोयीनं. म्हणजे आमच्याकडचं वऱ्हाड सोनपेठहून गंगाखेडवरून परभणीला न्यायचं. मामांनी पंचवीस वर्षं मंडप आणि भांडी भाड्यानं दिली. तालुक्यात कुणाच्या लग्नात किती पंगती उठल्या, हे त्यांना अजून तोंडपाठ आहे. मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. माणसं अशी का वागतात हा माझ्या पोटापाण्याचा विषय आणि त्यांच्याही. फक्त मी ती पुस्तकात वाचली, त्यांनी ती पंगतीत वाढताना पाहिली.

ओसरीवर वही उघडून बसलो. पहिल्याच पानावर लिहिलं होतं : जीप १२. कार ज्याच्या त्याच्या.

"मामा, जीपऐवजी एसटी केल्या तर? गंगाखेड आगारातून प्रासंगिक करारावर घेऊ. शंभर-सव्वाशे माणूस तीन गाड्यांत बसतं."

मामांनी वहीवरचं बोट उचललं नाही. "एसटीनं वऱ्हाड नेलं तर गाव काय म्हणंल? पोरीच्या लग्नात ह्याचा हात आखडला."

"तुमच्या लग्नाला तर एसटीच होती ना?"

मामांचा चेहरा उजळला. "१९८४ साल होतं ते. एसटी दारात आली, पुढं झेंडूची माळ, दोन्ही बाजूला केळीचे खुंट. पोरं वेशीपर्यंत पळाली तिच्यामागं. तुझ्या आजोबांनी ड्रायव्हर-कंडक्टरला फेटे बांधले होते."

"म्हणजे तीच गाडी तेव्हा मानाची होती आणि आज कमीपणाची. गाडी कुठं बदलली?"

"मान पैशाच्या मागं जातो बाई. तेव्हा जीप कुणाकडं होती? आता आहे. आणि तुला काय वाटतं, लोक हवा-पाण्याचा विचार करून गाडीत बसतात? ज्याला जे परवडतं आणि जे शेजाऱ्याकडं आहे, त्यात माणूस बसतो. बाकी सगळं भाषणाचं."

मामांचं म्हणणं एवढंच होतं आणि दिवसभर ते त्यावरून हलले नाहीत. माझं म्हणणं मलाच तितकं स्पष्ट नव्हतं. सकाळी मला वाटत होतं, मामांना आकडे सांगितले की पटेल.

म्हणून आकडे सांगितले. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. एसटी लिटरमागं साडेचार किलोमीटर धरली, जीप बारा-तेरा धरली, कार अठरा. मग प्रत्येकाला बसणाऱ्या माणसांनी भागलं. मामांनी कॅल्क्युलेटर माझ्या हातातून घेतला आणि स्वतःच आकडे दाबले. भांड्यांच्या हिशेबात ते कधी चुकले नाहीत, इथंही नाही चुकले. नऊ माणसं बसलेली जीप भरलेल्या एसटीच्या दीड-पावणेदोन पट निघाली. तीन माणसांची कार तीन-चार पट.

"मंग?" मामा म्हणाले. "तू जीपवर उठलीस. खरा गोंधळ तर कारचा आहे. पुण्याहून येणारे तुझे दोघं भाऊ दोन वेगळ्या कार घेऊन येणार, एकेका गाडीत नवरा-बायको. त्यांना कुणी काही म्हणतं का? आमच्या जीपनं मात्र पृथ्वी तापायली."

मला हे मान्य करावं लागलं. गाडी कोणती यापेक्षा तिच्यात रिकाम्या जागा किती, हा प्रश्न मोठा आहे, आणि रिकाम्या जागा सर्वांत जास्त शिकलेल्या माणसांच्या गाडीत असतात. ज्यांना हवामानबदल शब्दासकट माहीत आहे, तेच एकेकटे प्रवास करतात. माहिती असणं आणि तसं वागणं यांच्यातली दरी आमच्या शास्त्रात पन्नास वर्षं चर्चेत आहे. पण ती आपल्याच घरातल्या लग्नाच्या वहीत सापडली की वेगळीच लागते.

"म्हणजे शिकून उपयोग नाही, असं म्हणताय तुम्ही."

"शिकून माणूस बदलत नाही. भावानं बदलतो. बघ, २०२३च्या मार्चमधे सरकारनं बायांना एसटीचं तिकीट अर्धं केलं. तुझी मामी आधी परळीला जायची तर मी मोटारसायकलवर सोडायचो. आता वैद्यनाथाला एकटी जाते, एसटीनं. पर्यावरणासाठी जाते का?"

आतून मामींचा आवाज आला. "तिकीट अर्धं झालं म्हणून पहिल्यांदा बसले, खरंय. आता बसते ते कुणाला 'सोडता का' म्हणून विचारावं लागत नाही म्हणून."

मामा गप्प झाले. मीही. त्या एका वाक्यात मी वर्गात दोन तास घेऊन शिकवते ते सगळं होतं. स्वस्ताईनं माणूस दारापर्यंत येतो. पुढं तो टिकतो ते त्या गोष्टीनं त्याला स्वतःचं काहीतरी दिलं म्हणून. मामींना एसटीनं स्वातंत्र्य दिलं. उद्या सवलत गेली तरी त्या पुन्हा मोटारसायकलच्या मागं बसतील असं मला वाटत नाही.

चहा झाला. मामांनी पान उलटलं. पुढचं पान जेवणाचं.

इथं मामा हळवे होतात. गावकीची भांडी त्यांनी लहानपणी पाहिली आहेत : मारुतीच्या देवळामागच्या खोलीत ठेवलेली तांब्या-पितळेची घंगाळं, पराती, पातेली. ज्याच्या घरी कार्य, त्यानं न्यायची, घासून परत आणून ठेवायची. जेवायला पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण. उष्ट्या पत्रावळी उकिरड्यावर, उकिरडा शेतात. कचरा नावाची वस्तूच नव्हती. मग थर्माकोलच्या ताटल्या आल्या आणि मामांच्या सांगण्याप्रमाणं चार-पाच हंगामांत पत्रावळ संपली.

"आता तू म्हणशील, पूर्वीचे लोक लई शहाणे होते. शहाणे नव्हते. दुसरं काही मिळत नव्हतं. थर्माकोल आलं त्या दिवशी सगळ्यांनी घेतलं. मीच गाडी भरून आणलं. धुवायचं काम नाही, मोडायची भीती नाही."

"म्हणूनच तर सांगते. पत्रावळ फक्त सवय होती. तिच्यामागं कुणी काही धरून ठेवलेलं नव्हतं. त्यामुळं दुसरं सोयीचं आलं की ती पाच वर्षांत गेली. नुसत्या भावावर आणि सोयीवर उभं असलेलं सगळं असंच जातं, मामा. तुमचा जो मुद्दा आहे, तोच त्याची कमजोरी आहे."

"मंग कायद्यानं धर. २०१८ला धरलंच होतं की. जूनच्या २३ तारखेपासून थर्माकोल बंद. पहिल्यांदा सापडलात तर पाच हजार दंड, दुसऱ्यांदा दहा, तिसऱ्यांदा पंचवीस हजार अन् तीन महिने आत. मी त्या हंगामात गोदामातला माल तसाच ठेवून स्टीलची ताटं घेतली. कर्ज काढून. दोन वर्षांत लोक परत वापरून फेकायच्या ताटांकडं गेले. कागद म्हणायचे, आतून प्लास्टिकचा मुलामा. माझी स्टीलची ताटं माळ्यावर."

हे सांगताना त्यांचा आवाज उतरला. त्या कर्जाचं मला माहीत नव्हतं.

दंडाबद्दल मला एक प्रयोग आठवला तो मी त्यांना सांगितला. इस्रायलमधल्या हैफा शहरात काही पाळणाघरांत आई-वडील मुलांना न्यायला उशिरा यायचे. सहा पाळणाघरांनी दंड लावला. उशीर कमी व्हायच्या ऐवजी वाढला, दुपटीच्या आसपास गेला. आधी बाईंना ताटकळत ठेवल्याची लाज वाटायची. आता पैसे दिले की लाज फिटली. आणि पुढं दंड काढून टाकला तरी ती लाज परत आली नाही. २००० साली हे छापून आलं.

मामांना हे लगेच पटलं. "आहेर केला की मोकळं झालं, तसं." मग जरा थांबून म्हणाले, "म्हणजे लाज राखून ठेवायची वस्तू आहे. खर्चून टाकायची नाही."

हे मला माझ्या कुठल्याही पुस्तकात इतकं नेमकं मिळालेलं नाही.

पण लगेच त्यांनी दुसरं काढलं. "मी काही अगदीच आडमुठा नाही. ह्या लग्नात आलेल्या प्रत्येक पाहुण्याला एक रोप देणार आहे. नर्सरीत सांगून ठेवलंय. पाचशे रोपं."

मला खरं तर गप्प बसायला हवं होतं. मी म्हटलं, "मामा, वैशाखात? परभणीच्या उन्हात? काळ्या प्लास्टिकच्या पिशवीतली रोपं लोक खुर्चीखाली ठेवून जातील. आणि एक चांगलं काम केलं की माणसाचं मन स्वतःला सूट देतं. रोप दिलं ना, मग पन्नास गाड्या आल्या तर काय झालं, असं."

मामा दुखावले. वही मिटली. "म्हणजे चांगलं करायला गेलं तरी तुमचं शास्त्र पाय ओढतं."

ती सूट मी माझ्यात रोज पाहते. कापडी पिशवी घेऊन बाजारात गेले की रिक्षाऐवजी चालायची गरज वाटत नाही. हे मी मामांना सांगितलं. त्यांनी ऐकलं, पण रोपांवरचा राग उतरायला जेवणं व्हावी लागली.

जेवताना विषय पाण्यावर आला. मामी म्हणाल्या, कार्यालयात छोट्या बाटल्या ठेवायच्या नाहीत, जार ठेवायचे, पेले स्टीलचे. बाटली अर्धी पिऊन टाकून देतात ते त्यांना बघवत नाही. सोनपेठच्या माणसाला पाण्याबद्दल सांगावं लागत नाही. तालुक्यातल्या खडक्याला गोदावरीवर बंधारा आहे, त्यातून परळीच्या औष्णिक वीज केंद्राला पाणी जातं. २०१५ साली पाण्याअभावी ते केंद्रच बंद ठेवायची वेळ आली. पुढच्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं. आणि २०२५च्या सप्टेंबरात हीच गोदावरी शेतांवर चढली. कोरडी नदी आणि पुराची नदी एकाच माणसानं दहा वर्षांत पाहिली.

"त्या २०१६च्या लग्नसराईत," मामा म्हणाले, "पंगतीत वाढपी विचारायचा, पेला अर्धा भरू का पूर्ण? लोक म्हणायचे, अर्धा. कुणी पूर्ण मागून टाकलं तर बाजूचा माणूस बघायचा त्याच्याकडं. पाव्हण्यांनी नाक मुरडलं नाही. अर्धा पेला हाच त्या वर्षीचा रिवाज होता."

"मग तुम्हीच सांगितलंत. एका हंगामात रिवाज बदलला. पैशानं नाही, दंडानं नाही. सगळे एकमेकांना बघत होते म्हणून."

"अन् पाऊस पडल्यावर विसरले."

"विसरले. कारण तो दुष्काळाचा रिवाज होता, स्वतःचा केला नव्हता. वारीचं बघा ना. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी दरवर्षी आपल्याच बाजूनं जाते, परभणी, दैठणा, गंगाखेड, परळी. सातशेच्या आसपास वारकरी, एका रांगेत, पांढऱ्या कपड्यांत. त्यातल्या कितीजणांच्या दारात गाडी असेल! तरी महिनाभर पायी. इथं स्वस्त-महाग, सोय-गैरसोय काही चालत नाही."

"ते माउलीसाठी, महाराजांसाठी. पर्यावरणासाठी नाही."

"तेच म्हणते मी. त्याहून जवळच्या गोष्टीसाठी. माणूस पर्यावरणासाठी चालत नाही, पण ज्याच्यात त्याचा जीव आहे त्यासाठी चालतो आणि वाट आपोआप स्वच्छ राहते."

"आपोआप नाही राहत." मामांनी भात कालवता कालवता मला थांबवलं. "आळंदी-देहूच्या पालख्या पुढं गेल्या की मागच्या गावांची काय दशा व्हायची, ते तूही बघितलंयस. लाखो माणूस. भक्ती कमी होती का? जायला जागा नव्हती. फिरती शौचालयं ठेवली, निर्मल वारी सुरू झाली, मग लोक वापरायला लागले. मन आधीच चांगलं होतं. सोय नव्हती."

हा मुद्दा मी सोडून द्यायला तयार नव्हते, पण तो खोटाही नव्हता. माणसाच्या मनात इच्छा असते, पण ती वापरायला सोपा रस्ता नसतो, तेव्हा आपण त्याच्या मनालाच दोष देतो. सोनपेठहून परभणीला चांगल्या वेळेची गाडी नसेल तर "लोकांना एसटी नको" हे म्हणणं लोकांवर अन्याय आहे. तालुक्यात वडगावला रेल्वे थांबते, पण लग्नाच्या मुहूर्ताला गाडीचं वेळापत्रक जुळायला हवं ना.

मामा मात्र पुन्हा आपल्या जुन्या वाक्यावर आले. "लोक ऐकत नाहीत बाई. सगळेच तसे. किती सांगितलं तरी कचरा करणारच, गाड्या आणणारच."

"हे वाक्य नका बोलू, मामा."

"कामून?"

अमेरिकेतल्या ॲरिझोनात दगड झालेल्या जुन्या झाडांचं एक राष्ट्रीय उद्यान आहे. तिथं येणारे लोक त्या दगडी लाकडाचे तुकडे खिशात घालून नेतात. रॉबर्ट चाल्डिनी या मानसशास्त्रज्ञानं तिथं वेगवेगळ्या पाट्या लावून बघितल्या. 'आजवर बऱ्याच लोकांनी लाकूड नेलं, त्यानं उद्यान बिघडतंय' अशी पाटी असली की मुद्दाम टाकून ठेवलेल्या तुकड्यांपैकी जवळपास आठ टक्के चोरीला गेले. 'कृपया लाकूड नेऊ नका' एवढंच म्हटलं तर दोन टक्क्यांच्या आत. सगळे नेतात हे ऐकलं की माणसाच्या मनात येतं, मग मीच कशाला राहू.

"आपण सभेत उठून म्हणतो ना, कुणीच नियम पाळत नाही? ऐकणाऱ्याला आपण परवानगी देतो. आणि त्याच माणसानं हॉटेलातल्या टॉवेलवरही काम केलं, २००८ साली छापलं. 'पर्यावरण वाचवा, टॉवेल पुन्हा वापरा' अशी चिठ्ठी ठेवली तर ३५ टक्के लोकांनी ऐकलं. 'इथं राहणारे बहुतेक लोक टॉवेल पुन्हा वापरतात' असं लिहिलं तर ४४ टक्क्यांनी. म्हणून पत्रिकेत रोपाचं चित्र नको आणि 'वसुंधरा वाचवा' पण नको. एवढंच छापा : घरची मंडळी एसटीनं निघणार आहेत, आपणही सोबत यावं. सकाळी सातला, बसस्टँडवरून."

मामांनी बराच वेळ हात धुतला नाही. मग म्हणाले, "गाडगेबाबांचं ऐकलंय ना तू? गावात आले की आधी हातात खराटा. गाव झाडायचं, रात्री कीर्तन. आधी झाडणं, मग बोलणं. तू सकाळपासून कीर्तनच करायलीस."

मला ते लागलं. बरोबर ठिकाणी लागलं. मी पुण्याहून कशी आले होते? कारनं. एकटी.

"बरं," मी म्हटलं. "मी एसटीत बसते. माझी गाडी इथंच ठेवते. पण मी बसून काय होणार? मी भाची आहे, मास्तरीण आहे, मला कोण बघतंय? तुम्ही बसाल का? नवरीचा बाप पहिल्या एसटीत, पहिल्या बाकावर. गावानं बघायला पाहिजे ते हे."

"नवरीचा बाप सगळ्यात शेवटी निघतो. घराला कुलूप लावून. सामान मोजून."

"कुलूप मी लावते," मामी आतून म्हणाल्या. "सामान आदल्या दिवशी जाऊ द्या."

मामांनी काहीच उत्तर दिलं नाही. हात धुतला, सुपारी कातरली, वही परत उघडली. जीपवर पूर्ण काट मारली नाही. त्याच्या खाली बारीक अक्षरात 'एसटी २' लिहिलं आणि बारा खोडून पाच केले. पाच जीप कशाला म्हणून मी विचारलं. म्हणाले, म्हातारी माणसं आणि शेतवस्तीवरचे, त्यांना बसस्टँडपर्यंत आणायचं कुणी? एक जीप भरून येईपर्यंत सोडायची नाही, तेवढं मी बघतो. हे माझ्या तीन एसटींपेक्षा जास्त शहाणपणाचं होतं.

स्टीलची ताटं माळ्यावरून काढायचं ठरलं, ते मात्र वाद न होता. मामींनी परस्पर ठरवलं होतं. घासायला बायका लावायच्या, रोजंदारी फेकायच्या ताटांच्या वाचलेल्या पैशातूनच निघते, असा त्यांचा हिशेब. रोपांची संख्या तशीच राहिली. मी परत काही बोलले नाही.

संध्याकाळी मी फोनवर आगाराचा नंबर शोधत होते. मामा अंगणातून आले, चप्पल काढता काढता थांबले.

"भाडं विचारशील तवा एक अजून विचार."

"काय?"

"पुढून झेंडूची माळ बांधू देतात का आता?"